मोहिद्दीनचे गुडघे

दुकानातल्या टीव्हीवर माझा दीर दिसला तेव्हा मी गल्ल्यावर बसून भेंडी निवडत होते.

टीव्ही सिनेमे बघायला ठेवलेला नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. मागच्या यार्डात गाडी खोलायची, इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे वेगळे करायचे आणि माल माळ्यावर चढवायचा. गिऱ्हाईक अजमानहून येतं, रास अल खैमाहून येतं, कुणी आफ्रिकेतून येऊन कंटेनर भरून नेतं. एकेकाला माळ्यावर नेऊन माल दाखवण्यात दिवस जायचा. मग माझ्या दिराच्या, मोहिद्दीनच्या मुलाने, अर्सलानने, एक सोय करून दिली. तो दुबईत सिलिकॉन ओएसिसला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, राहतोही तिकडेच. दुकानाच्या मोबाईलने फोटो काढला की तो आपसूक काउंटरमागच्या टीव्हीवर येतो. "इट्स ऑटोमॅटिक, बडी अम्मी," असं तो म्हणाला होता. "नोबडी हॅज टू डू एनिथिंग."

तो मोबाईल खरं तर दुकानात खिळ्याला टांगलेला असायला हवा. पण कॅमेरा चांगला म्हणून मोहिद्दीन इलाजासाठी जर्मनीला जाताना तो घेऊन गेला. त्याने काढलेला फोटो कुठे जातो ते त्याला माहीत नव्हतं, कारण माळ्यावर चढून मालाचे फोटो काढायचं काम त्याने कधी केलंच नव्हतं.

एक पठाण लँड क्रूझरच्या बंपरवरून घासाघीस करत होता. टीव्हीवरचा बंपर गेला आणि त्याच्या जागी एक काळंकभिन्न चर्च आलं. दोन टोकदार मनोरे, आभाळाला भोसकणारे.

"अम्मा, ये कौन सी गाड़ी का है?" पठाणाने विचारलं.

माझा मुलगा तहा खो खो हसायला लागला. पुढच्या फोटोत त्या चर्चच्या दारात मोहिद्दीन आणि त्याची बायको तहसीन उभी. तहसीनच्या डोक्यावर माझा शेवाळी स्कार्फ. मला विचारून नेलेला नव्हता.

"अम्मी," तहाचं हसू थांबलं, "चाचा आज हॉस्पिटलात असणार होते ना?"

होते ना. सकाळीच तहसीनचा आवाज मोबाईलवर आला होता. "भाबी, आज मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे. यांच्या गुडघ्यांचा निकाल आज लागणार. दुआ करा. आणि माझ्या कढीपत्त्याला पाणी घालायला विसरू नका." मी दुआ केलीसुद्धा! ती दुआ मला आता परत हवी होती.

या गुडघ्यांचं सांगायलाच हवं, कारण आमच्या खानदानात तीन वर्षं दुसरा विषयच नव्हता.

शारजातच रोल्याला आमची जुनी बिल्डिंग, तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. दुकानाच्या नावावर दोन फ्लॅट. पहिल्या मजल्यावर आम्ही, मी लग्न होऊन दाभोळहून आले तेव्हापासून. तिसऱ्यावर मोहिद्दीन आणि तहसीन. एके दिवशी मोहिद्दीनचे गुडघे गेले. कुठे गेले ते एक्सरेत काही सापडलं नाही. पण तो जिन्यात विव्हळायला लागला, दुकानात माळ्याच्या शिडीकडे बघून डोळे मिटायला लागला, आणि मशिदीत खुर्ची मागवून तिच्यावर बसून नमाज पढायला लागला. मग एका जुम्म्याला, सगळे नातेवाईक जेवून बसलेले असताना, तहसीन पदर तोंडाला लावून रडली. "मोठे भाई, तुम्ही आम्हाला बापाच्या जागी. यांना रोज तो जिना चढताना बघवत नाही हो."

माझे यजमान, हमदुल्ला, हा माणूस असा की रस्त्यात कुणी शिंकलं तरी खिशातला रुमाल काढून देतील. म्हणाले, "पहिला मजला तुमचा. आम्ही वर जातो. खलास." सगळ्यांसमोर जबान दिली. मी स्वयंपाकघरात भात वेळत होते. मला कुणी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात यांच्याच काळजावर बेतलं. स्टेंट टाकले. डॉक्टरने सांगितलं, एका मजल्याच्या वर जिना बंद. झालं, माणूस तिसऱ्या मजल्यावर कैद. अजान ऐकू यायची, मशीद खिडकीतून दिसायची, आणि हे टोपी घालून खिडकीशी बसायचे. फक्त जुम्म्याला तहा हाताला धरून खाली न्यायचा, मध्ये स्टुलावर बसवत बसवत. मी तहसीनकडे गेले. म्हटलं, बाई, आता अदलाबदल करू. ती कपाटातून माझ्यासाठी बिस्किटं काढत म्हणाली, "भाबी, मोठ्या भाईंना एकदा वर बसवलं की बसून राहता येतं. गुडघे गेलेल्या माणसाला रोज चढवणार तुम्ही? अल्लाला काय तोंड दाखवाल?"

आणि ईदला काय झालं? धाकट्याने थोरल्याच्या दारात सलामाला जायचं असतं. आमच्याकडे थोरला भाऊ भिंत धरून दोन मजले उतरला आणि धाकट्याच्या दारात उभा राहिला. मोहिद्दीन सोफ्यावरून उठलासुद्धा नाही. "गुडघे, भाईजान," म्हणाला.

मला पहिला मजला परत हवा होता. यांना रस्त्यावर उतरून चार माणसांत उभं राहता यावं म्हणून हवा होता. आणि तहसीनला जिना चढताना बघायचं होतं म्हणूनही हवा होता. मी एक सांगून दुसरं लपवणारी बाई नाही.

तर टीव्ही. पठाण बंपर विसरून खुर्ची ओढून बसला. मी भेंडी बाजूला ठेवली.

त्यांची मुलगी अरफा तिकडे कोलोनला नोकरी करते, तिच्याकडे हे दोघे गेलेले. ताप आला की कपाळावर युडी कोलनच्या घड्या ठेवायचो, ते पाणी या गावचं. फार जुनं गाव म्हणे, रोमन बादशहांनी वसवलेलं. आता फोटो अरफा काढत असावी, कारण दोघंही त्यात होती. मनोऱ्याच्या तळाशी दगडी जिना, अरुंद, गोल गोल वर जाणारा. पहिल्या पायरीवर मोहिद्दीन दोन्ही अंगठे वर करून हसतोय. मग तहसीन भिंतीला टेकून धापा टाकतेय आणि हा तिच्या वर चार पायऱ्या उभा राहून हात खाली देतोय. मग एक घंटा, आमच्या दुकानातला पिकअप आत मावेल एवढी. मग परत जिना. परत जिना.

"चाचा तर वरच चाललेत," तहा म्हणाला.

"गप बस. चढू दे."

यार्डातली माणसं हात पुसत आत आली. कुणीतरी चहा मागवला. मोहिद्दीन मनोऱ्याच्या टोकाला पोचला तेव्हा पठाणाने "माशाल्ला!" म्हणून मांडीवर थाप मारली. जाळीच्या पलीकडे खाली सगळं गाव पसरलेलं, लाल-करडी छपरं, मोठी नदी, नदीवर लोखंडी पूल. आणि जाळीला टेकून माझा दीर, केस वाऱ्याने उडालेले, गाल लाल, दहा वर्षांनी लहान झालेला. मशिदीत अल्लापुढे वाकायला याला गुडघे नाहीत, आणि चर्चचा मनोरा चढायला मात्र आहेत!

"अम्मी, फोन लावू चाचांना?"

"खबरदार. तुझा फोन गेला की फोटो यायचे बंद. एकेक फोटो तुझ्या मोबाईलमध्ये घेऊन ठेव."

मग ते खाली उतरले. नदीकाठी जेवायला बसले. मोहिद्दीनच्या पुढ्यात उंच निमुळता ग्लास, पिवळं काहीतरी, वर फेस. पठाणाने चहाचा कप खाली ठेवला.

"सफरचंदाचा रस असेल," मी मोठ्याने म्हटलं. म्हणजे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनीही नीट बघितलं.

त्यानंतरचा फोटो मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. चर्चपुढच्या चौकात मोहिद्दीन उकिडवा बसून कबुतरांना पाव घालत होता. उकिडवा! ढुंगण जमिनीला लागायला आलेलं, टाचा टेकलेल्या. ज्या माणसाने तीन वर्षांत खाली पडलेली चावी स्वतः उचलली नाही.

आणि मग तो पूल. पुलाच्या जाळीला कुलपंच कुलपं, हजारो. नवरा-बायको येतात, दोघांची नावं घातलेलं कुलूप लावतात, किल्ली नदीत फेकतात, म्हणजे प्रेम कायम राहतं, असं तहाने सांगितलं. तहसीन लाल कुलूप लावताना दिसली. मग तिचा हात, किल्ली फेकणारा.

मी ते बघत राहिले आणि मला माझ्या पर्समधली दुसरी एक किल्ली आठवली. पहिल्या मजल्याची. कढीपत्त्याला पाणी घालायला दिलेली.

फोनवर भांडून काही उपयोग नव्हता. तहसीनला मी ओळखते. फोन केला असता तर विमान उतरायच्या आत सगळ्या खानदानाला कळलं असतं की जर्मन डॉक्टरनेच औषध म्हणून चढायला लावलं, आणि भाबीच कशी काळ्या मनाची. भांडण आधी आणि मजला नंतर, असं केलं की मजला हातातून जातो. मला मजला आधी हवा होता. भांडायला आयुष्य पडलेलं आहे.

अडचण एकच होती. यांची जबान.

घरी गेले. जिना चढून दार उघडलं तर हे खिडकीशी. मी काही न बोलता तहाचा मोबाईल यांच्या हातात दिला. यांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो सावकाश बघायला लागले.

"काय कोरीवकाम आहे बघ दगडावर," म्हणाले.

"दगड बघू नका. माणूस बघा."

"बघतोय. तब्येत सुधारली त्याची."

माझ्या डोक्यात सणक गेली. कबुतरांच्या फोटोशी हे थांबले. मोबाईलची बत्ती विझली तर बोटाने परत लावली.

"नमाजच्या वेळी मी याला हाताला धरून खुर्चीवर बसवायचो," म्हणाले. "मला स्टेंट टाकल्यावरसुद्धा. मीच बसवायचो."

"हो."

"भाईजान, मला खालचं घर आवडतं, एवढं म्हणाला असता तरी मी दिलं असतं."

"माहीत आहे. हेच तर दुखणं आहे माझ्या संसाराचं."

यांनी चष्मा काढला. "काय करायचं ठरवलंयस?"

"माझ्या ठरवण्याला कोण विचारतं? जबान तुम्ही दिलीय."

"जबान त्याच्या गुडघ्यांना दिली होती, बिलकीस," हे म्हणाले. "गुडघे बरे झाले. खलास." मग उठून स्वतःच औषधांचा डबा उचलला. "फक्त त्यांची एक वस्तू फुटता कामा नये."

अर्सलानला सांगणं भाग होतं. त्याच्या आई-बापाचं घर. फोन केला.

"बडी अम्मी, धिस इज नॉट कूल. दे आर नॉट ईव्हन हिअर."

"तुझ्या बापाचे फोटो तुझ्याच टीव्हीवर आले, बेटा. दुकानाच्या मोबाईलवरून."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच, "ऑल ऑफ देम?"

"मनोरा. कबुतरं. ग्लास."

"ओके," तो म्हणाला. "आय डोन्ट नो एनिथिंग." आणि फोन ठेवला. पोरगं शहाणं आहे, आईवर गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे सगळे कामगार घेतले. यल्ला, चला, म्हटलं, आज गिअरबॉक्स नाही, संसार उचलायचा. आधी तहाकडून तहसीनच्या घरातल्या प्रत्येक कपाटाचे, प्रत्येक फळीचे फोटो काढून घेतले. मग सामान वर नेलं आणि फोटोत होतं तसंच्या तसं लावलं. मसाल्याचे डबे त्याच ओळीत. फ्रिजमधलं लोणचं त्याच कप्प्यात. बाथरूममध्ये पिळलेली टूथपेस्ट, वाकलेल्या टोकासकट, तशीच त्या पेल्यात. मोहिद्दीनच्या उशाशी तेलाच्या बाटल्या, गुडघ्यांचे पट्टे, मालिशचं मशीन, सगळं हारीने. कढीपत्ता बाल्कनीत ठेवला आणि पाणी घातलं. तहसीनला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून मी तिचं घर तिच्यापेक्षा स्वच्छ लावलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या पोराच्या लग्नातही झाला नव्हता.

आमचं सामान खाली आलं. यांना तहाने एकदाच, शेवटचं, उतरवलं. आणि पहिल्या मजल्याचं कुलूप मी बदललं.

त्यांचं विमान शनिवारी दुपारी उतरणार होतं. जेवणाला मी तीच माणसं बोलावली जी त्या जुम्म्याला होती. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. बिर्याणी केली, तांदळाच्या रोट्या, पापलेटचं कालवण. सगळे विचारत होते, जेवण कशाबद्दल? मी म्हटलं, मोहिद्दीन जर्मनीला इलाज करून येतोय, खुशी नको करायला? आणि तहाने घरच्या टीव्हीवर ते फोटो लावून दिले, आवाज नाही, काही नाही, नुसते एकामागून एक फिरत होते. लोक जेवता जेवता बघत होते. रोटी हातात आणि तोंड उघडं.

विमानतळावरून त्यांना तहानेच आणलं. खालून आवाज आला. बॅगांची चाकं. मग जिन्यावर मोहिद्दीन.

"या अल्ला... हळू, हळू... या अल्ला..."

एका एका पायरीला एक कण्हणं. घरात पंचवीस माणसं, आणि भाताचं शीत पडलं तरी ऐकू येईल अशी शांतता. सगळ्यांच्या नजरा टीव्हीवर, जिथे मोहिद्दीन मनोऱ्याच्या टोकावर केस उडवत उभा होता. आणि कानात बाहेरचा मोहिद्दीन.

मी दार उघडलं. तो तहसीनच्या खांद्यावर भार टाकून उभा. एवढी माणसं बघून त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच.

"भाईजान! तुम्ही खाली? एवढा जिना उतरलात?"

माझ्या सासऱ्यांची बहीण, रुकय्या फुफी, कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिने ताट मांडीवर ठेवून विचारलं, "मोहिद्दीन, डॉक्टर काय म्हणाला रे?"

त्याच्या आधी तहसीन बोलली. "काय सांगू फुफी, मोठे डॉक्टर घाबरलेच यांचे गुडघे बघून. म्हणाले, जिना तर अजिबात चढायचा नाही. जमिनीवर बसणंसुद्धा बंद."

तेव्हा टीव्हीवर कबुतरं आली.

फुफी आधी हसली. मग सगळेच. हसण्याचा असा लोंढा की तहसीनने मागे वळून बघितलं, आपल्या मागे कोण आहे म्हणून. मोहिद्दीनने मात्र टीव्ही बघितला होता. त्याचा तहसीनच्या खांद्यावरचा हात आपोआप खाली आला आणि तो सरळ उभा राहिला. दोन्ही पायांवर.

"भाबी," तहसीनचा आवाज चिरकला, "हे फोटो कुठून आले?"

"दुकानाच्या मोबाईलमधून. मनोऱ्यावरची हवा कशी होती?"

"आमच्या घरात तुम्ही..."

"तुमचं घर वर आहे," मी म्हटलं आणि तिसऱ्या मजल्याची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "एक चमचा हललेला नाही. मोजून घे."

ती यांच्याकडे वळली, डोळे भरून, पदर शोधत. "मोठे भाई! तुम्ही जबान दिली होती!"

मला वाटलं, आता हे रुमाल काढणार. यांनी रोटीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाले, "मोहिद्दीन, वर जा, हातपाय धुऊन ये. जेवण गार होतंय."

"भाईजान, मी समजावून..."

"आधी वर जा."

तहसीन म्हणाली, बॅगा तरी कुणाला चढवायला सांगा. मी म्हटलं, कामगारांना मी सुट्टी दिलीय, बिचाऱ्यांनी परवा दिवसभर तुमचाच संसार चढवला. तहा पुढे झाला तर मी त्याच्या मनगटाला धरलं. मग मोहिद्दीनने दोन्ही बॅगा उचलल्या. एक या हातात, एक त्या हातात. पहिल्या वळणापर्यंत सवयीने जरा लंगडला. पुढे लंगडायचं विसरला.

जेवायला तो खाली आला. मान खाली घालून जेवला. यांनी त्याच्या ताटात पापलेटचा तुकडा वाढला. मी तो काढून घेणार होते, पण माणसं होती.

तहसीन आली नाही. चार दिवस आली नाही. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, सकाळी अजानच्या वेळेलाच भरून ठेवावं लागतं. मी ते तिला सांगितलं नव्हतं. तिला आठवत असेल असं वाटलं. तीन वर्षांत विसरली असावी. पाचव्या दिवशी खाली आली, कपाळावर घाम, केसांना शाम्पूचा फेस तसाच सुकलेला.

हे मशिदीत गेले होते. हल्ली पाचही वेळा जातात, येताना रस्त्यातल्या सगळ्या दुकानदारांशी बोलून येतात, जेवण गार होईपर्यंत.

तहसीन दारातच उभी राहिली. श्वास लागलेला. "भाबी," म्हणाली, "आपण एका घरातल्या. मनात होतं तर मला एकटीला बोलावून दोन थोबाडीत मारायच्या होत्या. सगळ्यांसमोर तमाशा केलात. तुम्ही सूड घेतलात."

"घेतला," मी म्हटलं. "आत ये. चहा पी."

ती थांबली. मी नाही म्हणेन, रडेन, कसम खाईन असं तिला वाटलं असणार. मग आली, बसली, चहा प्यायली. आधी ज्या जागी तिचा सोफा होता तिथे तिची नजर सारखी जात होती. बिस्किटं मी पुढे केली. तिने एक घेतलं.

"हे म्हणतात, जुलैपर्यंत तरी आम्हाला खाली..." तिने सुरुवात केली.

"नाही."

"माझेसुद्धा आता दुखायला लागलेत, भाबी. खरंच. तो चर्चचा जिना उतरल्यापासून."

"एक्सरे काढ," मी म्हटलं.

तिने कप ठेवला. बाल्टी मागितली, मी दिली. माझी मोठी, निळी, कडीवाली. बाथरूमच्या नळाला पाणी धो धो येत होतं. तिने भरून घेतली आणि निघाली. मी दार लावलं नाही. उंबऱ्यात उभी राहून ऐकत राहिले. बाल्टी पायरीवर टेकल्याचा आवाज, मग श्वास, मग परत बाल्टी. मध्येच पाणी सांडलं, तिने मला शिवी घातली, ती मी नीट ऐकली. ती तिसऱ्या मजल्यावर पोचून तिचं दार लागेपर्यंत मी तिथेच होते. मला काही घाई नव्हती.